आपली शेंग ओळखा

टेबलावर भुईमुगाच्या वाळलेल्या शेंगांचा ढीग आणि समोर सातवीचा वर्ग. प्रत्येकाने एक शेंग उचलायची, पाच मिनिटं तिच्याकडे नुसतं बघायचं आणि मग पाच-सहा ओळींत तिचं वर्णन लिहायचं. शेंगेवर पेनाने खूण करायची नाही, टोक मोडायचं नाही आणि अर्थातच खायची नाही. लिहून झालं की सगळ्या शेंगा पुन्हा ढिगात. कागद गोळा करून उलटसुलट वाटायचे. ज्याच्या हाती जो कागद येईल, त्याने तो वाचून ढिगातून नेमकी ती शेंग हुडकून काढायची.

पहिल्या फेरीत बहुतेकांची फजिती होते. ‘शेंग पिवळसर रंगाची आहे. तिला दोन भाग आहेत. ती खूप छान दिसते. शेंगदाणे पौष्टिक असतात.’ असा कागद ज्याच्या वाट्याला येतो तो बिचारा ढीग चिवडत बसतो. पिवळसर तर सगळ्याच शेंगा आहेत. शेंगदाणे पौष्टिक असतात हे खरंच, पण ही शेंग शोधायला त्याचा काडीचा उपयोग नाही. मग मागच्या बाकावरून तक्रार येते, “बाई, ह्यानं काहीच लिहिलं नाहीये!” बाईंनी तासभर समजावून जे पटलं नसतं ते या एका तक्रारीने पटतं.

दुसऱ्या फेरीत तीच मुलं वेगळं लिहायला लागतात. शेंगेच्या एका टोकाला पोपटाच्या चोचीसारखा बाक आहे. कंबर आहे, पण मधोमध नाही. चोचीकडचा भाग मोठा, देठाकडचा बुटका. अंगावरच्या जाळीत एके ठिकाणी तांबड्या मातीचा कण अडकलाय. कानाशी धरून हलवली तर एकच दाणा खुळखुळतो, दुसरा गप्प बसतो. एवढं लिहिलेली शेंग ढिगातून अर्ध्या मिनिटात सापडते, आणि त्या चार ओळींत ‘सुंदर’ हा शब्द एकदाही आलेला नसतो.

हाच खेळ कुठे लिंबावर खेळतात, कुठे बटाट्यावर, कुठे नदीतल्या गोट्यांवर. आपल्याकडे शेंग सोयीची. स्वस्त, लांबून एकसारखी आणि जवळून प्रत्येक निराळी.

शिक्षण हक्क कायद्याच्या भाषेत सहावी ते आठवी म्हणजे उच्च प्राथमिक टप्पा. साधारण अकरा ते चौदा वर्षांची मुलं. वाचता येतं, लिहिता येतं, हात बऱ्यापैकी बसलेला असतो. नेमक्या याच वयात ‘वर्णनात्मक निबंध’ नावाचं प्रकरण समोर येतं आणि त्याच्यासोबत दुकानातलं निबंधांचं पुस्तकही घरात येतं. मराठीत निबंध या प्रकाराला वजन मिळवून दिलं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. १८७४ साली सुरू झालेल्या त्यांच्या ‘निबंधमाले’चे ८४ अंक निघाले. पण ती माला होती मोठ्या माणसांसाठी, वाद घालण्यासाठी, मतं मांडण्यासाठी. शाळेत त्या निबंधाचा नुसता सांगाडा शिल्लक राहिला: प्रस्तावना, चार मुद्दे, समारोप. बारा वर्षांच्या मुलाला मत मांडण्याची घाई नसते. बघण्याची मात्र असते, आणि सांगाड्यात त्यालाच जागा नाही.

परिणाम काय होतो ते ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयात स्वच्छ दिसतं. सावंतवाडीजवळच्या आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. साताऱ्याच्या माण तालुक्यात त्याचा दहावा हिस्साही पडत नाही. एका ठिकाणी कपडे आठवडाभर वाळत नाहीत आणि भिंतींना बुरशी धरते; दुसऱ्या ठिकाणी ढग येतात, गरजतात आणि पुढच्या गावाला निघून जातात. तरी दोन्हीकडच्या वह्यांत धरणीमाता हिरवा शालू नेसते आणि मोर पिसारा फुलवतो. मुलांना लिहिता येत नाही, हे निदान चुकीचं आहे. त्यांना कुणी त्यांचा पाऊस विचारलेलाच नसतो.

वर्णनाची मराठीतली परंपरा मात्र निबंधमालेहून बरीच जुनी आहे आणि ती शेंगेच्या खेळाला फार जवळची आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी महाराष्ट्रभर हिंडले. कुठल्या गावी ते थांबले, कुठल्या देवळात बसले, हे सारं त्यांच्या मागे महानुभाव पंथातल्या मंडळींनी नोंदवून ठेवलं. त्या नोंदींचा ग्रंथ म्हणजे ‘स्थानपोथी’. देऊळ गावाच्या कोणत्या अंगाला, त्याचं दार कोणत्या दिशेला, त्याच्या बाजूला आणखी कोणतं देऊळ, नदी कुठे, स्वामींचं आसन नेमकं कोणत्या जागी, असा तो कोरडा, नेटका तपशील आहे. पुढे येणाऱ्या भक्ताला ती जागा सापडावी, एवढाच हेतू. आज मध्ययुगीन मंदिरांचा आणि गावांचा अभ्यास करणारे संशोधक हीच पोथी उघडतात. लिहिणाऱ्याला साहित्य करायचं नव्हतं. वाचणाऱ्याला ठिकाणावर पोचवायचं होतं.

सातवीच्या वर्गाने आपल्या शाळेची स्थानपोथी करायला काहीच हरकत नाही. फाटकातून आत आल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार कोणत्या दिशेला, पाण्याची टाकी कुठे, तिच्या किती नळांना तोट्या आहेत, वडाच्या पाराचा कोणता दगड निखळलाय. हे लिहून झालं की कागद पाचवीतल्या मुलांच्या हाती द्यायचा आणि त्यावरून शाळेचा नकाशा काढायला सांगायचं. नकाशात टाकी स्वयंपाकघराच्या छपरावर चढली, तर चूक कोणाची हे पाचवीतली पोरं बिनदिक्कत सांगतात.

याचाच छोटा अवतार म्हणजे पाठीला पाठ लावून बसण्याचा खेळ. एकाच्या हाती कंदिलाचं किंवा सायकलच्या घंटीचं चित्र, दुसऱ्याच्या हाती कोरा कागद. पहिल्याने वस्तूचं नाव न घेता तोंडी वर्णन करायचं, दुसऱ्याने ऐकून चित्र काढायचं. पहिला मुलगा हमखास म्हणतो, “मग ती अशी वळते,” आणि हवेत हात फिरवतो. पाठीमागच्याला तो हात दिसत नाही. बोलताना आपण निम्मं काम हातांवर, डोळ्यांवर आणि ‘असं’, ‘तिकडे’, ‘एवढं’ या शब्दांवर सोपवतो. कागदावर त्यांतलं काही पोचत नाही. ‘अशी वळते’चं ‘उसाच्या कोयत्यासारखी डावीकडे वळते’ होतं तेव्हा मुलाने उपमा अलंकार वापरलेला असतो. त्याला ते कळण्याची गरज नाही, आणि निदान त्या तासाला तरी बाईंनी सांगू नये.

नाव लपवून वर्णन करणं म्हणजे कोडंच की. कोडी, उखाणे, कोकणीतली हुमाणं ही सगळी वर्णनं आहेत, फक्त त्यांतलं नाव काढून घेतलेलं. शाळेतल्या वस्तूंवर नवी कोडी रचायला दिली तर वर्ग तासभर हलत नाही. उदाहरणार्थ: ‘तोंड मोठं, दात लपलेला, एकदा चावलं की दोन कागद सोडत नाहीत एकमेकांना.’ उत्तर: स्टेपलर. अट एकच, प्रत्येक ओळ खरी हवी. यमकासाठी थाप मारायची नाही.

डोळ्यांवर मुलांचा भरवसा फार. चित्रवर्णनाच्या प्रश्नांनी तो आणखी पक्का होतो, कारण चित्रात बघण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही. म्हणून मधेच एक दिवस कापडी पिशवी वर्गात यावी. तिच्यात कवठ, नारळाचा काथ्या, सीताफळ, लोकरीचा गुंडा, साबणाची झिजलेली वडी. आत हात घालायचा आणि बोटांना काय कळतं तेवढंच सांगायचं. सुरुवातीला ‘मऊ’ आणि ‘कडक’ हे दोनच शब्द निघतात. जरा थांबलं, घाई केली नाही, की मग एकेक येऊ लागतात: खरबरीत, बुळबुळीत, लिबलिबीत, मऊसूत, चिवट, भुसभुशीत, टणक. वासाचं तर आणखी गंमतशीर. खमंग, खवट, कुबट, आंबूस, करपट, ओशट, उग्र. हे शब्द कोणी शाळेत शिकवलेले नाहीत. आजी तेलाच्या बरणीत नाक घालून ‘खवट झालंय गं’ म्हणते, ओल्या गोधडीला घरात कुबट वास येतो, तिथून ते आलेले. स्वयंपाकघरातली ही मराठी मुलांकडे तयार असते. वहीत ती चालते का, याचीच त्यांना खात्री नसते.

रंगांचंही तसंच. आमसुली, डाळिंबी, अबोली, मोरपंखी, शेवाळी, श्रीखंडी: यातला प्रत्येक रंग एखाद्या वस्तूवरून आलाय, म्हणजे नावातच वर्णन आहे. आणि एकट्या लाल रंगाच्या किती तऱ्हा! लालभडक, लालबुंद, लालचुटूक. यांतला कोणता कशाला, हा वाद वर्गात लावून द्यावा. पोपटाची चोच लालचुटूक, रागावलेल्या मामांचा चेहरा लालबुंद. मामांचा चेहरा लालचुटूक म्हटला तर सगळा वर्ग हसतो. का हसला, हे मुलांनाच शोधू द्यावं.

बोलीतल्या शब्दांवर लाल पेन चालवणं हा मात्र गुन्हा समजावा. कोकणातल्या मुलाच्या घरी जायला पाखाडी असते आणि आवाराला गडगा. त्याने ‘पायऱ्यांची वाट’ आणि ‘दगडी कुंपण’ लिहिलं की भाषा प्रमाण होते आणि घर नाहीसं होतं. कोल्हापूरकडचं मूल पाणंदीतून शेतात जातं, मराठवाड्यातलं माळवदावर झोपतं, खानदेशातलं धाब्यावर. हे शब्द वहीत यावेत. दुसऱ्या भागातल्या वाचकाला कळणार नाहीत अशी शंका असेल तर पुढे एक वाक्य घालून ते समजावावेत. पाखाडी म्हणजे काय हे समजावणारं वाक्य हाच वर्णनाचा उत्तम सराव.

मुलांचं लिखाण खऱ्या वाचकापर्यंत नेण्याचा ध्यास विसाव्या शतकात फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या मास्तरांनी घेतला होता. सेलेस्तँ फ्रेने हे त्यांचं नाव. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली होती, त्यामुळे १९२० साली दक्षिण फ्रान्समधल्या बार-सूर-लू या डोंगरी गावात शाळेवर रुजू झाले तेव्हा वर्गात फार वेळ बोलणं त्यांना झेपत नसे. शिक्षक बोलू शकत नाही म्हटल्यावर मुलांनी बोलायला हवं. फ्रेने त्यांना घेऊन गावात, शेतांत, कारागिरांकडे फिरायला जात. परत आल्यावर पाहिलेलं फळ्यावर उतरे. मुलांनी लावलेल्या गोगलगायींच्या शर्यतीवर झालेलं लिखाण पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा कितीतरी जिवंत आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे त्यांनी छोटं छपाईयंत्र वर्गात आणलं. मुलं स्वतःच्या मजकुराचे खिळे स्वतः जुळवू लागली, आणि छापलेली पानं दूर ब्रिटनीच्या समुद्रकाठच्या एका शाळेला टपालाने जाऊ लागली. डोंगरातल्या मुलांना समुद्र माहीत नाही आणि समुद्राकाठच्यांना डोंगर. दोन्ही बाजूंना उत्तराची वाट बघणारं कुणीतरी होतं.

आपल्याकडे छपाईयंत्र नसलं तरी पोस्टकार्ड आहे, आणि ते अजून ५० पैशांत मिळतं. सिंधुदुर्गातल्या शाळेने जळगावच्या शाळेला घर कसं असतं ते कळवावं, जळगावने केळीची बाग कळवावी. पोस्टकार्डावर जागा थोडी, त्यामुळे पाल्हाळ आपोआप आटोक्यात राहतो. हाताने काढलेल्या अंकाचीही परंपरा जुनी आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. भित्तिपत्रक अनेक शाळांत असतं. दुर्दैवाने त्यावर सुवाच्य अक्षरातले सुविचारच जास्त असतात. तिथे आठवड्याला एक वर्णन लागलं आणि खाली ‘हे शाळेतलं कोणतं ठिकाण, ओळखा’ एवढं लिहिलं, तरी मधल्या सुट्टीत तिथे गर्दी होईल.

इटलीतल्या बार्बियानाच्या मुलांनी याहून अवघड गोष्ट केली. फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातल्या या वस्तीवर १९५४ साली डॉन लोरेंझो मिलानी हे पाद्री आले आणि शाळेतून नापास होऊन बाहेर पडलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवू लागले. त्यातल्या आठ मुलांनी मिळून लिहिलेलं एका शिक्षिकेला उद्देशून असलेलं पत्र १९६७ साली पुस्तकरूपाने आलं. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने वाचायला मिळतं. त्यातला राग प्रसिद्ध आहे; पण शिक्षकांसाठी खरा खजिना आहे तो त्यांनी सांगितलेल्या लिहिण्याच्या पद्धतीत. सुचेल ते वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहायचं, एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. मग सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, दुहेरी झालेल्या काढून टाकायच्या, सारख्या एकत्र करायच्या, क्रम लावायचा, आणि शेवटी प्रत्येक अनावश्यक शब्द कापायचा.

ही पद्धत आठवडी बाजारावर लावून बघण्यासारखी आहे. समजा, तीस मुलं बाजारात जाऊन आली आणि प्रत्येकाने पाच चिठ्ठ्या लिहिल्या. दीडशेतल्या शंभर चिठ्ठ्यांवर ‘बाजारात खूप गर्दी होती’ निघेल. त्या बाजूला ठेवायच्या. उरलेल्यांत कुठेतरी असतं: ‘कांदेवाली शेवटचा कांदा पारड्यात टाकते आणि आपल्याकडे बघते.’ दुसरी चिठ्ठी: ‘मिरचीच्या पोत्यांपाशी सगळे शिंकतात. मिरचीवाला शिंकत नाही.’ तिसरी: ‘पाल उडू नये म्हणून दोरीला दगड बांधलाय, त्या दगडावर एक म्हातारा बसलाय.’ मग खरी भांडणं सुरू होतात. म्हातारा आधी की मिरची आधी? बाजारात शिरताना काय दिसतं, उन्हं उतरल्यावर काय? रचना म्हणजे काय, हे या भांडणात जितकं कळतं तितकं ‘मुद्द्यांवरून निबंध लिहा’ने कळत नाही. एक पुरवणीही जोडावी: बाजाराचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवून, त्यात न आलेल्या पाच गोष्टी लिहायला सांगाव्यात. शिंका, वास आणि भावाची घासाघीस तिथून बाहेर येतात.

माणसाचं वर्णन शेवटी ठेवलेलं बरं. एक तर ते सगळ्यात अवघड. आणि दुसरं, वर्गमित्रांची वर्णनं लिहायला दिली की रंगावरून, उंचीवरून, अंगापिंडावरून चेष्टा सुरू व्हायला दोन मिनिटं पुरतात. त्यापेक्षा काम करणारी माणसं घ्यावीत आणि फक्त त्यांच्या हातांकडे बघावं. चपला शिवणारे काका, भाकरी थापणारी आई, पंक्चर काढणारा दादा. ‘माझी आई प्रेमळ आहे’ हे वाक्य त्या दिवसापुरतं बंद. भाकरी परातीतून तव्यावर जाताना तिचा हात कुठे असतो, पहिली भाकरी कोणाला मिळते, एवढं लिहिलं की प्रेमळपणा वाचणाऱ्याला आपोआप समजतो. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’, दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’, श्रीनिवास विनायक कुलकर्ण्यांचं ‘डोह’ यांतलं एखादं पान अशा वेळी मोठ्याने वाचून दाखवावं आणि एकच प्रश्न विचारावा: लिहिणारा कुठे उभा राहून बघतोय? अर्थ, वाक्प्रचार, समानार्थी शब्द यांचा तास दुसऱ्या दिवशी.

राहता राहिली वही तपासणं. ‘छान’, ‘वर्णन वाढव’, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष दे’ हे शेरे मुलांना पाठ असतात आणि त्यांतून पुढे काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी समासात दोन प्रश्न लिहावेत. ‘दार कोणत्या बाजूला उघडतं?’ ‘तेव्हा आवाज कसला येत होता?’ मूल उत्तर द्यायला परत त्या जागी जातं, निदान मनाने. ऱ्हस्व-दीर्घ भित्तिपत्रकावर लावण्याआधी तपासावं, कारण तेव्हा ते सुधारण्याची मुलालाच निकड असते. शिवाय प्रत्येकाकडे एक वही अशी असावी की जिला गुण नाहीत. २०२३-२४ साली राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ‘माझी नोंद’ या नावाने कोरी पानं घातली होती; पुढे तो निर्णय मागे घेतला गेला. पानं पुस्तकातली असोत की रद्दीच्या पाठकोऱ्या कागदांची दोऱ्याने शिवलेली, रोज पाहिलेली एक गोष्ट तीन ओळींत लिहायला तेवढी पुरतात.

सुरुवात करायची तर येत्या सोमवारीही करता येईल. पाव किलो शेंगा चाळीस मुलांना पुरून उरतात. फक्त त्या कच्च्या, टरफलासकट आणाव्यात. भाजलेल्या आणल्या तर दुसऱ्या फेरीला ढीग शिल्लक राहत नाही.